बॉनेटखालचे दोन बुरूज

आपल्या मोहल्ल्यात गाडी घ्यायची म्हटले की बहुतेक घरांत ती आधी कुणीतरी वापरलेलीच असते. आठ-दहा वर्षांची आल्टो, वॅगन आर, सँट्रो, नाहीतर अजूनही तग धरून असलेली एखादी मारुती ८००. हीच गाडी अम्मींना दवाखान्यात नेते, मालेगावच्या लग्नाला जाते, बोर्डाच्या परीक्षेला मुलीला केंद्रावर सोडते आणि ईदच्या दिवशी पाच माणसांच्या जागेत सात जणांना घेऊन सगळ्या नातेवाइकांच्या दारात जाऊन येते.

अशी गाडी पसंत करताना आपण काय काय पाहतो? इंजिनाचा आवाज ऐकतो, एसी लावून बघतो, रंग, सीट कव्हर, टायर, किलोमीटरचा आकडा आणि कागदपत्रे तपासतो. सोबत एखादा जाणकार असेल तर तो तेलाची कांडी काढून बघतो. पण बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला, काचेच्या जरा अलीकडे, पत्र्याचे जे दोन उंच उंचवटे दिसतात, त्यांच्यावर हात फिरवून पाहणारा माणूस फार क्वचित भेटतो. गाडीच्या पुढच्या चाकांचा भार याच दोन उंचवट्यांवर असतो. ते कमकुवत झाले तर टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग उत्तम असूनही गाडी भरवशाची राहत नाही. मी शाळेत शिकवते, गॅरेज चालवत नाही. पण आमच्या घरच्या गाडीमुळे या विषयात शिरावे लागले आणि जे समजले ते प्रत्येक घरात माहीत असावे असे वाटले, म्हणून हा लेख.

बुरूज म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतून आलेले त्यांचे नाव ‘स्ट्रट टॉवर’. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि धक्का शोषणारा दांडा यांचा मिळून झालेला उभा खांब. टॉवर म्हणजे बुरूज. हा खांब खालून ज्यात शिरतो आणि ज्याच्या माथ्याला नटांनी पक्का होतो, ती पत्र्याची उभी पेटी. आपल्या गॅरेजांत मात्र बोली वेगळी आहे. खांबाला ‘शॉकअप’ म्हणतात, त्याच्या डोक्यावरच्या रबराच्या गादीला ‘माउंटिंग’ आणि बुरुजासकट आतल्या बाजूच्या सगळ्या पत्र्याला ‘एप्रन’. मिस्त्री “एप्रन गेला” म्हणाला, तर त्याचा अर्थ गंभीर आहे हे लक्षात ठेवावे.

ही रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकन इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये ते एका छोट्या, हलक्या, स्वस्त गाडीवर काम करत होते. १९४७ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेले. पुढे १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ही रचना आली आणि हळूहळू जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. कारण सोपे होते. सुटे भाग कमी, वजन कमी, खर्च कमी, आणि दोन चाकांच्या मध्ये इंजिन आडवे बसवायला भरपूर जागा.

आपल्या देशात ती घरोघर पोहोचवली मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सनची रचना होती. पुढे आलेल्या आल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका यांनाही तीच होती आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांनाही तीच आहे.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ट्रक किंवा जुन्या जीपखाली लोखंडी चौकट असते, जिला आपण चेसिस म्हणतो. बॉडी त्या चौकटीवर ठेवलेली असते. छोट्या गाडीला अशी वेगळी चौकट नसते. पत्र्याची बॉडी हीच तिची चौकट. अंड्याचे कवच जसे स्वतःच्या आकारामुळे भार सोसते, तसे पातळ पत्रे घड्या घालून, एकमेकांना ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड करून ही बॉडी मजबूत केलेली असते. बुरूज हा त्याच कवचाचा भाग. म्हणून बुरुजाला तडा गेला तर ते मडगार्डला पोच आल्यासारखे नसते. घराच्या भिंतीला पोपडे येणे वेगळे आणि खांबाला भेग पडणे वेगळे.

ओझ्याचा हिशोब

साधे गणित करू. मारुती ८०० चे रिकाम्या गाडीचे वजन साधारण ६५० किलो. त्यात पाच माणसे आणि सामान मिळून ३५० किलो धरले तर एकूण १,००० किलो झाले. यातला निम्मा भार पुढच्या चाकांवर धरला तर एका बाजूला सुमारे २५० किलो, म्हणजे सिमेंटच्या पाच गोण्या. हा झाला गाडी उभी असतानाचा हिशोब. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा क्षणभरासाठी हाच भार काही पटींनी वाढतो, आणि तो सोसणारा पत्रा असतो एक-दोन मिलिमीटर जाडीचा, फार तर माथ्यावर दुहेरी.

कंपनी हा हिशोब करूनच गाडी बनवते, त्यामुळे नवी गाडी खड्ड्याला घाबरत नाही. प्रश्न येतो वर्षानुवर्षांच्या माराने. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तिथेच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पत्र्याचेही तसेच होते.

नाशिककरांच्या गाड्यांचे दुखणे

बुरूज कमकुवत होण्याची कारणे साधारण पाच आहेत.

पहिले, खड्डे आणि बेहिशोबी स्पीडब्रेकर. पावसाळ्यात शहरातले रस्ते आणि आजूबाजूच्या गावांकडे जाणारे रस्ते कसे होतात हे सांगायला नको.

दुसरे, निकामी शॉकअप. शॉकअपचे तेल गळून गेले की स्प्रिंग पूर्ण दबते आणि धक्का न शोषला जाता थेट बुरुजाच्या माथ्यावर हातोड्यासारखा बसतो. “अजून चालतंय की” म्हणून शॉकअप दोन वर्षे लांबणीवर टाकणे इथे महाग पडते.

तिसरे, चिखल. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, बुरुजाच्या मागच्या कोपऱ्यात साचतो. इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला नेहमी जाणाऱ्या गाड्यांत तो पावसाळाभर ओला राहतो. गाडी वरून रोज धुतली जाते, पण त्या कोपऱ्यात पाण्याचा फवारा कुणी मारत नाही. तिथून गंज आतून बाहेर येतो. आपल्याला वर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराच गेलेला असतो.

चौथे, बॅटरी. बॅटरी ज्या बाजूला असते त्या बाजूच्या एप्रनवर आम्लाचे थेंब किंवा वाफ बसत राहिली की रंग सुटतो आणि पत्रा खायला लागतो.

पाचवे, जुना अपघात. समोरच्या कोपऱ्यावर ठोकलेली गाडी बाहेरून नवी दिसेल इतकी रंगवता येते. आत बुरूज अर्धा इंच सरकलेला असला तरी रंग ते सांगत नाही.

आमच्या आल्टोची गोष्ट

आमची आल्टो २००९ ची. आम्ही ती २०१७ मध्ये एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली. दिसायला टापटीप होती. काही वर्षांनी एक त्रास सुरू झाला. पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजायचा. बाहेरची नक्षी शाबूत आणि आतली कड गुळगुळीत. व्हील अलाइनमेंट केली, काही महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा केली. मशीनवरचा मुलगा म्हणाला, “चाक वरून आत झुकलंय. या गाडीत ते सेट करायची सोय नसते. टायर बदला.” टायर बदलले. नवा टायरही तसाच झिजू लागला. पुढे कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि खड्ड्यात ‘टक’ असा आवाज यायचा.

द्वारकेजवळ एक जुने उस्ताद आहेत. मुलांचे अब्बू गाडी त्यांच्याकडे घेऊन गेले, शनिवारची अर्धी सुट्टी होती म्हणून मीही गेले. उस्तादांनी आधी लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश हलवून पाहिले. ते ठीक होते. मग बॉनेट उघडून रॉकेलच्या फडक्याने दोन्ही बुरुजांचे माथे पुसले आणि मला म्हणाले, “आपा, तुम्ही मुलांच्या वहीत चूक शोधता ना, इथे शोधा.” उजव्या बाजूला काही नव्हते. डाव्या बाजूला माउंटिंगच्या नटापासून निघालेली केसासारखी बारीक रेघ होती. बोट फिरवले तर पत्र्याच्या दोन कडा वर-खाली लागत होत्या.

चाक काढून आतला चिखल खरवडला तेव्हा खरी गोष्ट समोर आली. तिथे आधीच कधीतरी पत्र्याचा एक तुकडा गॅस वेल्डिंगने चिकटवलेला होता. वरून पुट्टी आणि काळा रंग. तडा तुकड्याखाली तसाच होता आणि तो आता तुकड्याच्या कडेने पुढे सरकत माथ्यापर्यंत आला होता. म्हणजे गाडी आमच्याकडे आली तेव्हाच दुखणे होते, फक्त झाकलेले होते. बुरुजाचा माथा आत झुकला की चाकाचा वरचा भागही आत झुकतो आणि टायरची आतली कड झिजते. टायर आम्हाला दोन वर्षे हेच सांगत होता.

घरच्या घरी तपासणी

यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन थंड होऊ द्या आणि टॉर्च घ्या.

१) दोन्ही बुरुजांचे माथे पुसून एकमेकांशी ताडून पाहा. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. एखादा माथा नटांभोवती वर फुगलेला, भूछत्रासारखा दिसत असेल तर आतून मार बसला आहे.

२) नटांभोवती, पत्र्यांच्या जोडावर आणि काचेखालच्या पडद्याला बुरूज जिथे मिळतो तिथे रंगाला भेगा, गंजाचे फोड किंवा सांध्यातला मसाला फाटलेला आहे का ते पाहा.

३) एकाच बाजूला ताजा काळा रंग किंवा जाड लेप दिसला तर विचारा, हा का मारला? बाकीची जागा पंधरा वर्षे जुनी आणि तेवढाच भाग नवा, हे उगाच नसते.

४) बॉनेट बंद करून दोन्ही मडगार्डांशी असलेली फट पाहा. एका बाजूला बोट जाईल आणि दुसऱ्या बाजूला नखही जाणार नाही, असे असेल तर पुढचा भाग सरकलेला असू शकतो.

५) एकाने स्टिअरिंग हळू डावी-उजवीकडे फिरवावे, दुसऱ्याने माथ्याकडे बघावे. रबर किंचित हलणे साहजिक आहे. पत्रा हलता कामा नये.

६) पुढचे टायर आतल्या कडेने पाहा. चाक वळवले की ही कड सहज दिसते.

दोन इशारे मात्र पक्के लक्षात ठेवावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. आणि शॉकअपच्या अगदी मधोमध जो मोठा नट असतो, तो घरी खोलायचा नाही. त्याखाली दाबून बसवलेली स्प्रिंग असते. ती सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. स्प्रिंग आधी शिकंज्याने दाबून मगच तो नट काढतात आणि ते काम मिस्त्रीचेच आहे.

टायर आतून झिजला म्हणजे बुरूजच गेला असेही समजू नये. वाकलेला शॉकअप, झिजलेला बॉल जॉइंट किंवा खराब बुश यांचीही लक्षणे अशीच असतात. आधी ते तपासून बाजूला काढावेत, जसे आमच्या उस्तादांनी केले.

मजबुती: कोणता उपाय कशासाठी?

इथे तरुण मुलांची मते फार ठाम असतात. आमच्या भाच्याने लगेच सुचवले, “खालाजान, बार टाका. ऑनलाइन मिळतो.” हा बार म्हणजे दोन बुरुजांचे माथे जोडणारी आडवी दांडी. तिचा उपयोग आहे, पण कशासाठी ते समजले पाहिजे. वेगात वळण घेताना बाहेरच्या बाजूचा बुरूज आतल्या दिशेने दाबला जातो. दांडी त्यातला काही जोर दुसऱ्या बुरुजाकडे पोहोचवते आणि दोघे मिळून तो सोसतात. खड्ड्याचा मार मात्र खालून वर येतो, त्याला आडवी दांडी काही करू शकत नाही. गंजलेल्या, तडकलेल्या पत्र्यालाच ती बोल्टने धरलेली असेल तर तिचा आधार तरी कुठून येणार? शिवाय एका बाजूला जोराचा अपघात झाला तर ती धक्का दुसऱ्या चांगल्या बुरुजापर्यंतही नेऊ शकते. निरोगी गाडीवर ती हौस म्हणून ठीक आहे. आजारी गाडीचे औषध म्हणून ती चालत नाही.

दुसरा उपाय म्हणजे मजबुतीची पट्टी. बुरुजाच्या माथ्याच्या आकाराची एक चकती किंवा प्लेट बसवतात. नटांच्या दोन-तीन बिंदूंवर येणारा भार ती मोठ्या भागावर पसरवते. माथा नुकताच फुगायला लागला असेल, पत्रा चांगला असेल, तर हा उपाय उपयोगी पडतो. इथे “जितकी जाड तितकी चांगली” हा समज घात करतो. दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर पाच मिलिमीटरची प्लेट ठोकली तर प्लेट वाकत नाही, सगळे वाकणे तिच्या कडेला जमा होते आणि नवा तडा तिथे पडतो. प्लेट मूळ पत्र्याच्या जवळपासच्या जाडीची, कोपरे गोल केलेली आणि चांगल्या पत्र्यावर पुरेशी पसरलेली हवी.

तिसरा उपाय म्हणजे खरी दुरुस्ती. आधी मोजमाप घेतात. दोन्ही माथ्यांतले अंतर आणि प्रत्येक माथ्यापासून समोरच्या-मागच्या ठरावीक छिद्रांपर्यंतची तिरपी अंतरे. ती जुळत नसतील तर बॉडी आधी बेंचवर ओढून जागेवर आणावी लागते. वाकड्या जागीच वेल्ड केले तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो. मग शॉकअप पूर्ण काढायचा, बॅटरीच्या तारा सोडायच्या, जवळच्या वायरी आणि ब्रेकचे पाइप बाजूला घ्यायचे. गंजलेला भाग चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचा. तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडायचे, म्हणजे तो पुढे पळत नाही. नवा तुकडा बसवून सीओटू वेल्डिंगने थोडे थोडे, थांबून थांबून जोडायचे. गॅस वेल्डिंगची आच मोठ्या भागात पसरते, पत्रा आखडतो, नरम होतो आणि आजूबाजूचे गंजरोधक थर जळतात. नव्या गाड्यांत तर काही ठिकाणी खास कडक पोलाद असते. त्याला जास्त आच लागली की त्याची ताकदच जाते. म्हणून अशा गाड्यांना कंपनीने सांगितलेल्या पद्धतीबाहेर हात लावू नये.

शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, तो म्हणजे आतून प्राइमर, सांध्यांना मसाला आणि पोकळीत मेणाचा फवारा. तो गाळला तर दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा तिथेच येतो. त्यानंतर दोन्ही बाजूंची माउंटिंग नवी घालून अलाइनमेंट करायची.

चौथा उपाय म्हणजे अख्खा एप्रन बदलणे. जास्त विकल्या गेलेल्या गाड्यांचे तयार एप्रन बाजारात मिळतात. पत्रा दोन-तीन ठिकाणी गेला असेल तर ठिगळे लावण्यापेक्षा हेच बरे, मात्र काम मोजमापाची सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

आणि पाचवा, गाडी सोडून देणे. दोन्ही बुरूज, खालचे लांब पत्रे आणि दरवाजांखालची पट्टी, तिन्ही ठिकाणी गंज असेल तर एका बुरुजावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आमच्या गाडीचा उजवा बुरूज आणि खालचा पत्रा चांगला निघाला. उस्तादांनी स्वतः वेल्डिंगला हात लावला नाही. “हे माझं काम नाही, बेंचवाल्याचं आहे,” म्हणून त्यांनी आम्हाला एका बॉडी शॉपचा पत्ता दिला. जुने ठिगळ कापून तिसरा उपाय झाला. पाच दिवस लागले. त्यानंतर टायर सरळ झिजतो आहे आणि घाटात गाडी सरळ थांबते.

शर्यतीच्या गाड्यांकडून काय घ्यावे

नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय स्तरावरची मोटार रॅली भरलेली आहे. कच्च्या रस्त्यांवर उड्या मारत जाणाऱ्या त्या गाड्या बघून मुलांना वाटते, आपल्या गाडीलाही तसेच करावे. रॅलीच्या गाडीत बुरुजाचे सांधे ठिपक्यांऐवजी सलग वेल्ड केलेले असतात, माथ्यावर प्लेटा असतात आणि आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळ्या पुढे बुरुजांपर्यंत नेलेल्या असतात. पण त्यासाठी गाडी आधी पूर्ण उघडी केली जाते, आणि ठरावीक अंतरानंतर तिचा प्रत्येक सांधा तपासला जातो. आपण तिच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही तपासणीची सवय आहे. घरच्या गाडीसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, चाके काढून आतला चिखल धुऊन टॉर्च मारली तरी पुष्कळ झाले.

कायदा आणि कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. आपल्याकडे हे काम पेठ रोडवरच्या कार्यालयात होते. जुन्या गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा बुरुजाच्या दुरुस्तीचा खर्च ठरवताना नोंदणीला किती वर्षे उरली आहेत आणि पुढे वाढवायची आहे का, हा हिशोब सोबत मांडावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तुटलेला भाग मूळ रूपात आणणे ही दुरुस्ती आहे, त्याला अडचण नाही. पण गाडी उंच करणे, भलतीच चाके बसवणे, ढाचा कापून बदलणे हे त्यात बसत नाही. विम्यासाठीही हे महत्त्वाचे आहे. दुरुस्तीच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो काढून बिलासोबत जपून ठेवावेत.

गाडी मोडीत काढायची असेल तर ती रस्त्याकडेच्या भंगारात देऊ नये. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यावर जमा प्रमाणपत्र मिळते आणि नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची त्यात तरतूद आहे. मुख्य म्हणजे गाडी कायद्याने संपते. तिचा नंबर लावून कुणी दुसरी गाडी फिरवली तर त्याची जबाबदारी आपल्या दारात येत नाही.

ऐब सांगून विकणे

शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही, व्यवहाराचा आहे. आमच्या आल्टोवरचे ठिगळ कुणीतरी समजून-उमजून लावले होते. वेल्डरने तडा पाहिला होता, रंगवणाऱ्याने पाहिला होता आणि विकणाऱ्यालाही माहीत असावा. तिघांनीही आपापले पैसे घेतले आणि धोका मात्र एका अनोळखी कुटुंबाकडे पाठवून दिला. त्या गाडीत आमची मुले मागच्या सीटवर झोपून घाट उतरली आहेत.

आपला दीन मालातला ऐब दाखवून विकायला सांगतो. हे आपण मंडईतल्या आंब्यांबद्दल मान्य करतो, मग गाडीबद्दल तर अधिकच मानले पाहिजे, कारण इथे फसवणुकीची किंमत जिवाने मोजली जाऊ शकते. गाडी विकताना बुरुजाचे काम झालेले असेल तर ते सांगावे, फोटो आणि बिल दाखवावे, किंमत थोडी कमी आली तर येऊ द्यावी. घेणाऱ्यानेही संकोच न करता विचारावे, “एप्रनचे काम झाले आहे का? चाक काढून दाखवाल का?” ओळखीतला, नात्यातला माणूस असला तरी विचारावे. खरा माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

गॅरेजांत काम शिकणाऱ्या आपल्या मुलांशीही याबद्दल बोलावे. माझे कितीतरी विद्यार्थी दहावीनंतर डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लागले आहेत. हात चांगला आहे, पण मोजपट्टी आणि गंजरोधक प्राइमर वापरायला त्यांना कुणी शिकवलेले नसते. आयटीआयमध्ये वेल्डर आणि मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. काम करत असलेल्या मुलाला तिकडे पाठवले तर त्याची कमाई वाढेल आणि त्याने जोडलेल्या गाडीत बसणाऱ्यांचा भरवसाही. गिऱ्हाईक म्हणाले, “वरून रंग मारून दे, विकायचीच आहे,” तर त्याला नाही म्हणण्याची हिंमत त्या मुलात यावी, यासाठी घरातल्या मोठ्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे.

जून लागण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी अर्धा तास काढा. घरातल्या मुलामुलींना सोबत घेऊन बॉनेट उघडा, दोन्ही माथे पुसा आणि त्यांनाच फरक शोधायला सांगा. काही दिसले तर फोटो काढून भरवशाच्या उस्तादाला दाखवा, आणि त्याने पाहीपर्यंत ती गाडी घेऊन घाटात जाऊ नका.